साखळी धरून आजार वाचावा: नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी पॅथोफिजिऑलॉजीची उजळणी

पॅथोफिजिऑलॉजीच्या, म्हणजे आजारात शरीराचे काम कसे बिघडते या विषयाच्या, बहुतेक वह्या सारख्याच दिसतात. प्रत्येक आजाराला एक पान, त्यावर कारणे, लक्षणे, तपासण्या, उपचार आणि नर्सिंग केअर अशी शीर्षके, आणि प्रत्येक शीर्षकाखाली क्रमांक घातलेले मुद्दे. असे पान पाठ होते आणि लेखी परीक्षेत उतरवताही येते. अडचण येते ती वॉर्डमध्ये. रुग्णाच्या दोन्ही पायांवर सूज आहे एवढेच समोर असते आणि ‘सूज’ हा मुद्दा हृदय, मूत्रपिंड व यकृत या तिन्हींच्या आजारांच्या पानांवर लिहिलेला असतो. त्यामुळे आता नेमके काय पाहावे, काय मोजावे आणि डॉक्टरांना काय कळवावे, हे पाठ केलेल्या यादीतून निघत नाही.

म्हणून उजळणी करताना यादीऐवजी साखळी हाती धरावी. मूळ बिघाड कोणता, त्यामुळे काय बदलले, तो बदल सावरण्यासाठी शरीराने काय केले आणि ते करताना नवे काय बिघडले, अशा क्रमाने आजार लिहिला की प्रत्येक लक्षणाला त्या साखळीत आपली जागा मिळते. ती जागा शोधण्यासाठी प्रत्येक लक्षणाला एकच प्रश्न विचारावा: हे लक्षण थेट बिघाडाचे आहे, बिघाड सावरण्यासाठी शरीराने चालवलेल्या धडपडीचे आहे, की ती धडपड अपुरी पडू लागल्याचे आहे? पहिल्या प्रकारच्या लक्षणांवरून आजार ओळखता येतो, दुसऱ्या प्रकारच्या लक्षणांवरून तो किती पुढे गेला आहे याचा अंदाज येतो, आणि तिसऱ्या प्रकारचे लक्षण दिसले तर ड्युटी संपेपर्यंत थांबायचे नसते, लगेच कळवायचे असते.

पायरी पहिली: आधी यंत्रणा, मग आजार

अभ्यासक्रमातील आजारांची संख्या मोठी असली, तरी शरीर बिघडण्याच्या पद्धती मोजक्या आहेत. द्रव आणि दाब यांचा समतोल, ऑक्सिजनची ने-आण, दाह (इन्फ्लमेशन), संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) नियंत्रण, आम्ल-अल्क समतोल आणि रक्त गोठण्याची प्रक्रिया एवढ्या यंत्रणा नीट समजल्या, तर नेहमीच्या आजारांपैकी बहुतेकांची साखळी स्वतःची स्वतः लिहिता येते. उजळणीचे पहिले काही दिवस या यंत्रणांसाठी राखून ठेवावेत आणि त्या काळात आजारांचे प्रकरण उघडण्याचा मोह टाळावा.

वर उल्लेखलेली सूजच उदाहरणादाखल घेऊ. केशवाहिनीतील दाब पाणी बाहेर ढकलतो. रक्तातील प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, ते आत धरून ठेवतात. किती पाणी आणि किती प्रथिने बाहेर जाऊ द्यायची हे वाहिनीच्या भिंतीच्या पार्यतेवर ठरते. आणि बाहेर साठलेला जादा द्रव लसिकावाहिन्या (लिम्फच्या वाहिन्या) परत नेतात. याचा अर्थ सूज येण्याचे मार्ग चारच आहेत. हृदय कमकुवत झाल्यावर शिरांमध्ये रक्त तुंबते आणि दाब वाढतो. मूत्रावाटे रोज ३.५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने जाणाऱ्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये अल्ब्युमिन घटते. भाजल्यावर किंवा सेप्सिसमध्ये (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादात) भिंतच झिरपू लागते. हत्तीरोगात किंवा काखेतील लसिकाग्रंथी काढल्यानंतर परतीची वाट अडते. यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये (यकृत व्रणमय आणि घट्ट होण्याच्या आजारात) पहिले दोन मार्ग एकत्र येतात, कारण अल्ब्युमिन कमी तयार होते आणि यकृताकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेतील दाबही वाढतो; पोटातील जलोदर त्यामुळेच एवढा ठळक असतो.

आता हेच चार मार्ग खाटेजवळ नेऊन पाहावेत. दाबामुळे आलेली सूज गुरुत्वाकर्षणाने खाली जमते, म्हणून चालत्या-फिरत्या रुग्णाच्या घोट्यावर ती दिसते, पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे घोटे कोरडे असू शकतात आणि सूज कमरेखाली त्रिकास्थीवर सापडते. फक्त पाय तपासून ‘सूज नाही’ अशी नोंद करणाऱ्याला ही सूज निसटते, आणि तिथल्या ताणलेल्या त्वचेवर दाबव्रण होण्याचा धोकाही त्याच्या लक्षात येत नाही. नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये सकाळी डोळ्यांभोवती दिसणारी सूज, लसिकावाहिन्यांच्या अडथळ्यात पुढे पुढे बोट दाबूनही खळगा न पडणारी सूज, असे बारकावे मग वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

दाहाची यंत्रणा तुलनेने लवकर आटोपते. लाली, उष्णता, सूज, वेदना आणि कार्यहानी ही पाच चिन्हे वाहिन्या रुंदावणे, भिंत झिरपणे आणि मज्जातंतू उत्तेजित होणे या तीन गोष्टींतून कशी येतात ते लिहून काढले की पुरे. त्यासोबत एक पुस्ती जोडावी: स्टिरॉइड चालू असलेल्या किंवा फार वृद्ध रुग्णात दाहाचा प्रतिसादच क्षीण असतो, म्हणून ताप नाही याचा अर्थ संसर्ग नाही असा होत नाही. नुसता गोंधळलेला वृद्ध रुग्ण न्यूमोनियाचा असू शकतो.

पायरी दुसरी: निरोगी अवस्था स्वतःच्या शब्दांत

कोणताही आजार घेण्यापूर्वी त्या अवयवाचे नेहमीचे काम पुस्तक मिटून पाच-सहा ओळींत लिहावे. ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणून सर्वांत आधी वगळली जाते. परंतु पॅथोफिजिऑलॉजी अवघड जाते त्याचे कारण पुष्कळदा फिजिऑलॉजी, म्हणजे निरोगी शरीराचे काम, विसरलेली असते. हृदयाबद्दल लिहायचे, तर एका ठोक्यात साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते, मिनिटाला ७० ठोके धरले तर सुमारे ५ लिटर रक्त शरीरभर फिरते, आणि डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका आकुंचनात निरोगी हृदय सुमारे ५५ ते ७० टक्के रक्त बाहेर टाकते. यालाच इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. ठोक्यामागे जाणारे रक्त कमी झाले, तर तेवढेच रक्त पुरवण्यासाठी ठोके वाढवावे लागतील हे या ओळींतूनच कळते. नाडी का वाढते याचे उत्तर आजाराचे प्रकरण उघडण्यापूर्वीच हाती आलेले असते.

पायरी तिसरी: साखळी लिहिणे

येथे हार्ट फेल्युअर (हृदय पुरेसे रक्त पंप करू न शकणे) हे उदाहरण सविस्तर घ्यावे, कारण धडपडच आजार वाढवते हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. कोरा कागद आडवा धरावा. डावीकडे मूळ कारण लिहावे: हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूचा भाग मेला किंवा वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने डावा कप्पा जाड आणि ताठ झाला. तिथून पुढे प्रत्येक बाणावर ‘म्हणून’ हा शब्द मोठ्याने वाचता आला पाहिजे. स्नायू अशक्त झाला, म्हणून ठोक्यामागे रक्त कमी बाहेर पडते. इथे साखळीला दोन फाटे फुटतात.

पहिला फाटा मागे जातो. बाहेर न गेलेले रक्त डाव्या कप्प्यात उरते, म्हणून फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांतील दाब वाढतो, म्हणून केशवाहिन्यांतून द्रव झिरपून वायुकोशांभोवती व नंतर वायुकोशांत शिरतो, म्हणून धाप लागते आणि स्टेथोस्कोपने करकर ऐकू येते. आडवे झाल्यावर पाय आणि पोटातील रक्त छातीकडे परत येते, म्हणून धाप वाढते आणि रुग्ण दोन-तीन उशा घेऊन झोपतो. ‘रात्री किती उशा लागतात’ हा प्रश्न इतिहास घेताना याचसाठी विचारायचा असतो, आणि धाप लागलेल्या रुग्णाला ताठ बसवून पाय खाली सोडायला सांगणे याच बाणावरचा उपाय आहे. पुढे फुप्फुसांतील दाब दीर्घकाळ चढा राहिला की उजव्या कप्प्यावर भार येतो आणि मग मानेची शीर फुगणे, यकृत वाढणे, पायांवर सूज येणे ही उजव्या बाजूची लक्षणे सुरू होतात. उजवे हृदय निकामी होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण डावे हृदय निकामी होणे हेच असते, हे वाक्य आता सुटे पाठ करण्याची गरज उरत नाही.

दुसरा फाटा पुढे जातो. शरीराला रक्त कमी पोचते आणि मूत्रपिंडांना ते जाणवते. रक्तस्राव झाला आहे की पंप दुबळा झाला आहे हा फरक मूत्रपिंडांना कळत नाही. दोन्ही प्रसंगी ती रेनिन हे विकर (एन्झाइम) सोडतात. रेनिनमुळे यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेनचे अँजिओटेन्सिन १ होते, मुख्यतः फुप्फुसांतील एसीई या विकरामुळे त्याचे अँजिओटेन्सिन २ होते, ते रक्तवाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सोडवते, आणि अल्डोस्टेरोन मीठ व पाणी राखून ठेवते. सोबतीला संकटात शरीर सज्ज करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था नाडी वाढवते. रक्तस्रावात ही सगळी व्यवस्था जीव वाचवते. दुबळ्या हृदयात मात्र आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावे लागते आणि राखलेल्या पाण्याने भरलेला कप्पा अधिक ताणला जातो, म्हणून हृदय आणखी दुबळे होते. बाण वळून पुन्हा सुरुवातीला येतो. कागदावर हे वर्तुळ पूर्ण झाले पाहिजे. ते झाले नसेल तर आजार अजून समजलेला नाही असे खुशाल समजावे.

आता त्याच कागदावर वेगळ्या रंगाने औषधे लिहावीत, पण यादी म्हणून नव्हे, तर ज्या बाणावर ते औषध आडवे येते त्या बाणावर. एसीई इनहिबिटर अँजिओटेन्सिन २ तयार होण्याच्या बाणावर, स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरोनच्या बाणावर, बीटा ब्लॉकर सिंपथेटिकच्या बाणावर, फ्युरोसेमाइड साठलेल्या पाण्यावर. दुष्परिणामही इथूनच निघतात. अल्डोस्टेरोन पोटॅशियम बाहेर टाकत असते, म्हणून त्याचा मार्ग अडवणाऱ्या पहिल्या दोन औषधांनी रक्तातील पोटॅशियम वाढू शकते, आणि फ्युरोसेमाइडने उलट ते घटते. एसीई ब्रॅडिकायनिन या द्रव्याचेही विघटन करते, म्हणून हे विकर अडवले की ब्रॅडिकायनिन साठते आणि काही रुग्णांना कोरडा खोकला येतो. बीटा ब्लॉकर दीर्घकाळात उपयोगी असूनही पाण्याने भरलेल्या, धाप लागलेल्या रुग्णात नव्याने सुरू का करत नाहीत, हेही वर्तुळाकडे पाहून सांगता येईल: त्या घडीला वाढलेली नाडीच रक्तपुरवठा सांभाळत असते.

शेवटी निरीक्षणे. १ लिटर पाणी म्हणजे साधारण १ किलो वजन, म्हणून रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत घेतलेले वजन हे साठणाऱ्या पाण्याचे सर्वांत प्रामाणिक माप आहे. दोन दिवसांत २ किलो वाढलेला रुग्ण पायांवर सूज दिसण्याआधीच पकडता येतो.

पायरी चौथी: आकडे साखळीत बसवणे

तपासण्यांचे आकडे पाठ करण्याचा विद्यार्थ्यांना सर्वाधिक कंटाळा असतो आणि तो रास्त आहे, कारण सुटा आकडा काहीच सांगत नाही. डायबेटिक कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी मधुमेहात रक्त आम्ल होणे) ही आकडे साखळीत कसे बसतात हे शिकण्यासाठी उत्तम जागा आहे.

इन्सुलिन नाही, म्हणून स्नायू आणि मेदपेशींत ग्लुकोज शिरत नाही आणि यकृत मात्र ग्लुकोज तयार करत राहते. रक्तशर्करा साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की मूत्रपिंडे ती सगळी परत शोषून घेऊ शकत नाहीत. मूत्रात उतरलेली साखर पाणी ओढून नेते, म्हणून भरपूर लघवी, तहान, निर्जलीकरण, वाढलेली नाडी आणि घटलेला रक्तदाब. दुसऱ्या फाट्यावर, इन्सुलिनचा अंकुश नसल्याने मेद फुटतो, मेदाम्ले यकृतात जाऊन त्यांचे कीटोन होतात, कीटोन आम्ल असल्याने आम्ल शमवणारे बायकार्बोनेट खर्ची पडते आणि पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके रक्त आम्ल) ७.३ च्या खाली उतरतो. आम्ल बाहेर टाकण्यासाठी शरीराकडे सर्वांत जलद मार्ग फुप्फुसांचा, म्हणून श्वास खोल आणि जोरकस होतो. आडॉल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७४ मध्ये वर्णिलेला हा श्वास धडपडीचे लक्षण आहे. तो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणून रक्तवायूंच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइडचा दाब कमी आढळतो. आम्लता तशीच असताना हा श्वास उथळ होऊ लागला तर ती सुधारणा नसून रुग्ण थकल्याची खूण आहे.

पोटॅशियमजवळ थोडे अधिक थांबावे. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलत असते; ते नसल्याने आणि रक्त घट्ट झाल्याने पोटॅशियम पेशींतून बाहेर येते आणि लघवीवाटे वाहून जाते. म्हणजे शरीरातील एकूण साठा घटलेला असतो आणि तरीही रक्तातील आकडा ५ किंवा ५.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर, म्हणजे नेहमीचा किंवा थोडा चढाच दिसू शकतो. अशा रुग्णाला इन्सुलिन सुरू केले की पोटॅशियम झपाट्याने पेशीत परत जाते आणि काही तासांत रक्तातील पातळी धोक्याइतकी खाली येऊ शकते. उपचारांपूर्वीच ते ३.५ पेक्षा कमी असेल, तर आधी पोटॅशियम भरून काढून मग इन्सुलिन सुरू करण्याची पद्धत आहे. मॉनिटरवरील ईसीजीतील टी तरंग सपाट होऊ लागणे, अनियमित ठोके, हातापायांतील अशक्तपणा यांकडे या काळात डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते यासाठी. प्रत्यक्ष मात्रा आणि वेळापत्रक संस्थेच्या प्रोटोकॉलनुसार असते. आपल्या रुग्णालयातील तक्ता उजळणीच्या कागदाला जोडून ठेवावा.

याच आजारात आणखी एक जागा विद्यार्थ्यांना हमखास अडखळवते. साखर २५० च्या आसपास आली की सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज घालतात आणि इन्सुलिन चालूच ठेवतात. साखर उतरली असताना साखर देणे आणि इन्सुलिनही देणे विसंगत वाटते. साखळी पाहिली की गुंता सुटतो: इन्सुलिन केवळ साखरेसाठी नाही, कीटोन तयार होणे थांबवण्यासाठी आहे, आणि आम्लता निवळायला साखरेपेक्षा जास्त वेळ लागतो. टाइप २ मधुमेहातील हायपरऑस्मोलर अवस्थेत (साखर फार वाढून रक्त घट्ट होण्याच्या अवस्थेत) साखर ६०० च्या वर जाऊनही कीटोन फारसे का नसतात, याचे उत्तरही इथेच आहे. तिथे थोडे इन्सुलिन शिल्लक असते आणि मेद फुटणे रोखायला तेवढे पुरते. साखर आवरायला मात्र पुरत नाही.

पायरी पाचवी: जुळ्यांसारखे आजार शेजारी शेजारी

एकेक आजार समजला तरी परीक्षेत आणि वॉर्डमध्ये घोटाळा होतो तो एकमेकांसारख्या दिसणाऱ्या आजारांत. दमा आणि सीओपीडी (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) यांची कोष्टके वह्यांत असतात, पण कोष्टकापेक्षा दोघांच्या साखळ्या एकाखाली एक लिहून त्या नेमक्या कुठल्या बाणावर वेगळ्या होतात ते शोधावे. दम्यात श्वासनलिकांच्या भिंतीला दाह असतो, त्या आवळतात आणि चिकट कफाने भरतात, पण हे बऱ्याच अंशी उलटवता येते. सीओपीडीमध्ये, विशेषतः एम्फिसीमात, वायुकोशांच्या भिंतीच नष्ट झालेल्या असतात. फुप्फुसाची लवचीकता जाते, उच्छ्वासाच्या वेळी लहान नलिका मिटतात आणि हवा आत अडकते. ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायला शिकवणे या अडकण्यावरचा उपाय आहे, कारण त्याने नलिकांत थोडा दाब टिकून राहतो.

रक्तवायूंचा एकच आकडा दोघांत किती वेगळा अर्थ घेऊन येतो हे पाहण्यासारखे आहे. दम्याचा तीव्र झटका आलेला तरुण मिनिटाला ३२ वेळा श्वास घेत आहे आणि त्याच्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर आला. संदर्भ-मर्यादेत ३५ ते ४५ लिहिलेले असल्याने आकडा नॉर्मल म्हणून पुढे जाण्याचा संभव आहे. पण एवढ्या जलद श्वासाने कार्बन डायऑक्साइड ३५ च्या खाली जायला हवा होता. तो ४० आहे याचा अर्थ धडपड अपुरी पडत आहे, स्नायू थकत आहेत आणि रुग्ण व्हेंटिलेटरच्या दिशेने चालला आहे. अशाच रुग्णाच्या छातीतील शिट्टीसारखा आवाज अचानक नाहीसा झाला, तर नळ्या मोकळ्या झाल्या असे समजण्याआधी हवा आत-बाहेर होते आहे का ते ऐकावे. उलट, वर्षानुवर्षे सीओपीडी असलेल्या रुग्णात ५० हा आकडा त्याचा रोजचा असू शकतो. बायकार्बोनेट वाढवून मूत्रपिंडांनी पीएच सावरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या अशा रुग्णांत ऑक्सिजन संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखतात. याचा अर्थ ऑक्सिजन नाकारायचा असा नव्हे. गरज आहे तेवढा मोजून द्यायचा.

शॉकचे, म्हणजे ऊतींना पुरेसे रक्त न पोचण्याचे, प्रकारही असेच शेजारी ठेवावेत. रक्तस्रावात वाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय थंड आणि घामेजलेले. सेप्सिसच्या आरंभी वाहिन्या रुंदावतात, म्हणून त्वचा उबदार आणि लालसर. दोन्हींत रक्तदाब घसरणे ही उशिराची गोष्ट आहे. निरोगी प्रौढात १५ ते ३० टक्के रक्त गेले तरी वरचा रक्तदाब टिकून राहू शकतो, कारण धडपड यशस्वी होत असते. बदलते ती नाडी, आणि वरच्या व खालच्या दाबांतील अंतर. १२० व ८० मधील ४० चे अंतर ११० व ९० वर आल्यावर २० होते, तेव्हा ‘बीपी ठीक आहे’ म्हणून पुढे जाऊ नये. लघवी ताशी ०.५ मिलिलिटर प्रति किलोच्या खाली, म्हणजे ६० किलोच्या रुग्णात ताशी ३० मिलिलिटरच्या खाली आली का, हे त्याच वेळी पाहावे. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णात नाडीही वाढणार नाही. तिथे धडपडीचे चिन्हच औषधाने झाकलेले असते. हायपोग्लायसीमियातही (रक्तशर्करा फार घटल्यावर) हेच घडते: छातीत धडधड आणि हाताची थरथर दबते, घाम मात्र टिकतो, म्हणून अशा मधुमेही रुग्णाला घामाकडे लक्ष द्यायला शिकवावे.

साखळीऐवजी कामांची यादी कुठे चालते

मूत्रपिंड आणि यकृत यांच्या जुनाट आजारांत मात्र सरळ साखळी लिहीत बसू नये. तिथे ती पसरट होते. त्याऐवजी अवयवाची कामे एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकापुढे ‘हे थांबले तर’ असे लिहून उत्तर भरावे. मूत्रपिंड पाणी बाहेर टाकते, ते थांबले तर सूज आणि रक्तदाब. पोटॅशियम टाकते, तर टोकदार टी तरंग आणि ठोक्यांचा धोका. आम्ल टाकते, तर अॅसिडोसिस. तांबड्या पेशी बनवायला लावणारे एरिथ्रोपोएटिन तयार करते, तर रक्तक्षय, आणि केवळ लोहाच्या गोळ्यांनी तो भरून न येण्याचे कारणही तेच. ड जीवनसत्त्व सक्रिय करते आणि फॉस्फेट टाकते, तर कॅल्शियम घटते, पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि हाडे झिजतात. यकृताची यादीही अशीच: अल्ब्युमिन, रक्त गोठवणारे घटक, बिलिरुबिन, अमोनिया, आणि यांखेरीज पोर्टल शिरेतील वाढलेला दाब, ज्यातून अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा आणि प्लीहेची वाढ येते. लॅक्ट्युलोज हे रेचक केवळ बद्धकोष्ठासाठी नसून आतड्यातील अमोनिया अडकवून बाहेर काढण्यासाठी आहे हे कळले, की दिवसाला दोन-तीन मऊ शौच हे उद्दिष्ट आहे आणि पहिला जुलाब झाल्याबरोबर औषध स्वतःहून थांबवायचे नाही, हेही कळते. जुलाब वाढले तर मात्र मात्रा कमी करावी लागते, कारण निर्जलीकरण आणि घटलेले पोटॅशियम मेंदूची स्थिती पुन्हा बिघडवतात.

पक्षाघातात लक्ष एकाच गोष्टीवर केंद्रित करावे: मेलेल्या भागाभोवती अजून जिवंत असलेला, पण उपाशी असलेला मेंदूचा भाग. त्याला रक्त मिळावे म्हणून शरीर रक्तदाब चढवते, म्हणून गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात तो घाईने उतरवत नाहीत. गुठळी विरघळवण्याचे औषध द्यायचे असेल, तर मात्र रक्तस्रावाच्या भीतीने तो १८५ व ११० च्या खाली आणावा लागतो. त्या औषधाची नेहमीची मुदत लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांची असल्याने, ‘रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला’ हा नातेवाइकांना विचारायचा पहिला प्रश्न असतो.

पायरी सहावी: पुस्तक मिटून तपासणे

पुन्हा पुन्हा वाचणे आणि रंगीत पेनाने अधोरेखित करणे यांत वेळ फार जातो आणि परिचयाचा भास तेवढा निर्माण होतो. त्यापेक्षा कोऱ्या कागदावर साखळी आठवून काढावी, मग पुस्तकाशी ताडावी आणि चुकलेला बाण तेवढा दुरुस्त करावा. हाच कागद दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी पुन्हा कोरा काढावा. बहुपर्यायी प्रश्न अगदी सुरुवातीला सोडवू नयेत, असे माझे मत आहे. साखळी नसताना सोडवलेले प्रश्न केवळ उत्तरे लक्षात ठेवायला शिकवतात. साखळी तयार झाल्यावर मात्र ते भरपूर सोडवावेत, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कोणता बाण माहीत नव्हता तेवढेच लिहावे.

प्रत्यक्ष ड्युटीचा उपयोग याहून मोठा आहे. दिवसाला एकच रुग्ण निवडावा. त्याचे निदान न पाहता आधी निरीक्षण-तक्ता, तपासण्या आणि औषधांचा कागद पाहावा आणि प्रत्येक नोंदीसमोर बिघाड, धडपड किंवा अपुरी धडपड असे एकेक चिन्ह करावे. मग निदान पाहावे. समजा, तक्त्यात नाडी ११८, श्वास २८, रक्तदाब १०४ व ६०, ताप ३८.९ अंश सेल्सिअस, गेल्या चार तासांत लघवी ७० मिलिलिटर आणि लॅक्टेट ३.४ मिलिमोल प्रति लिटर आहे. ताप दाहाचा, नाडी आणि श्वास धडपडीचे, लघवी आणि लॅक्टेट मात्र ऊतींना ऑक्सिजन पुरत नसल्याचे, म्हणजे तिसऱ्या गटातले. रक्तदाब अजून शंभरच्या वर असला तरी हा सेप्सिसचा संशयित रुग्ण आहे, आणि डॉक्टरांना फोन करताना पहिल्याच वाक्यात लघवी आणि लॅक्टेट यायला हवेत, ताप नंतर सांगितला तरी चालेल.

एखाद्या नोंदीला कोणतेच चिन्ह देता आले नाही, तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करून ठेवावे आणि घरी आल्यावर आजाराचे प्रकरण न उघडता त्या अवयवाच्या फिजिऑलॉजीचे पान उघडावे; अडलेला बाण बहुधा तिथेच सापडतो.